अखेरच्या सामन्यात ज्येष्ठ खेळाडूला डाव तहकूब करण्याची सवलत द्यावी काय?

प्रश्न
सक्करदऱ्याचा प्यादा

सर्व जाणकारांना नमस्कार.

दक्षिण नागपुरातील आमच्या लहानशा बुद्धिबळ मंडळापुढे सध्या एक पेच उभा आहे. मंडळातील प्रत्येक जण या ना त्या बाजूला झुकलेला असल्यामुळे बाहेरच्या मंडळींचे मत घ्यावे, असे ठरवून हे लिहीत आहे.

आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक ज्येष्ठ खेळाडू आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. मंडळाची वार्षिक स्पर्धा त्यांनी वर्षानुवर्षे जिंकली आणि आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आमच्यापैकी बहुतेकांनी पहिला उंट त्यांच्याच हातून गमावला. अलीकडे मात्र मंडळातील एक सतरा वर्षांची मुलगी त्यांच्या बरोबरीने, आणि खरे सांगायचे तर काकणभर सरस खेळू लागली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बटुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून शहरातील मुलींच्या हातांत बुद्धिबळाचे पट दिसू लागले आहेत. ही मुलगी मात्र त्याच्याही आधीपासून खेळते. दिवाळीनंतर तिच्याशी सहा डावांचा सामना खेळायचा आणि मग स्पर्धात्मक खेळातून निवृत्त व्हायचे, असे काकांनी स्वतःहून जाहीर केले आहे.

येथपर्यंत सर्व आनंदाचे होते. पेच पडला तो सामन्याच्या अटींवरून. काकांच्या हृदयावर मागे शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे त्यांना सलग चार-चार तास बसणे झेपत नाही. म्हणून त्यांच्या जुन्या शिष्यांनी असा प्रस्ताव मांडला की दोन तासांनंतर काकांना डाव तहकूब करण्याची मुभा असावी, त्यांनी आपली पुढची चाल पाकिटात बंद करून पंचांकडे द्यावी आणि डाव दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे चालू करावा. मुलीच्या आईवडिलांचा याला विरोध आहे. रात्रभर घरी बसून, शिष्यांच्या घोळक्यात तोच पट मांडून विचार करता येत असेल तर मुलगी एकट्या काकांशी खेळणार की साऱ्या मंडळाशी, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. दुसऱ्या बाजूने, 'शेवटचाच सामना आहे, म्हाताऱ्या माणसाचे मन राखले तर काय बिघडते', असेही कार्यकारिणीतील काही जण म्हणतात आणि तेही अगदीच चूक आहे असे मला म्हणवत नाही.

वयोवृद्ध विजेत्याच्या शेवटच्या सामन्यात अशी सवलत पूर्वी कोठे दिली गेली आहे काय, आणि दिली गेली असल्यास तिचा परिणाम काय झाला? दाखल्यासह कोणी सांगितले तर कार्यकारिणीच्या बैठकीत तो मांडता येईल.


प्रतिसाद १
काळी-पांढरी

तुमच्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडणारा दाखला बुद्धिबळात नसून जपानी गो या खेळात आहे. त्याचा तपशील चांगला नोंदलेला असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. गो हा १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषांच्या पटावर काळ्या व पांढऱ्या सोंगट्यांनी खेळतात. एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही, आणि शेवटी ज्याने अधिक जागा वेढली तो जिंकतो. एवढे ठाऊक असले की पुढचे समजते.

आपल्याकडे गायकीची घराणी होती तशी जपानमध्ये गो खेळणाऱ्यांची घराणी होती आणि त्यांत होनिन्बो घराण्याचा मान सर्वांत मोठा होता. त्या घराण्याचे एकविसावे आणि परंपरेने गादीवर आलेले शेवटचे प्रमुख म्हणजे शुसाई. 'मेइजिन' हा सर्वोच्च किताब १९१४ पासून त्यांच्याकडे होता. १९३८ मध्ये, चौसष्ट वर्षांचे असताना, त्यांनी निवृत्तीचा डाव खेळायचे ठरवले. प्रतिस्पर्धी निवडण्यासाठी आधी स्वतंत्र चाचणी झाली आणि तीतून एकोणतीस वर्षांचे किटानी मिनोरू पुढे आले. सामना एकाच डावाचा होता, परंतु प्रत्येकाला विचारासाठी चाळीस तास दिलेले होते. २६ जून रोजी टोकियोत सुरू झालेला तो डाव हाकोने या डोंगराळ ठिकाणी पुढे सरकला आणि ४ डिसेंबर रोजी इतो येथे २३७व्या चालीवर संपला. ऑगस्टच्या मध्यावर शुसाईंचे हृदयाचे दुखणे बळावून त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पट तसाच थांबून राहिला. किटानी पाच गुणांनी जिंकले.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. बंद पाकिटातील चाल त्या सामन्यात शुसाईंच्या सोयीसाठी आणलेली नव्हती. उलट त्यांच्या जुन्या अधिकाराला आवर घालण्यासाठी आणलेली होती. त्याआधी, ऑक्टोबर १९३३ मध्ये, गो सेइगेन या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी शुसाईंचा एक डाव सुरू झाला आणि तो जानेवारी १९३४ च्या अखेरीपर्यंत चालला. त्या काळच्या रिवाजानुसार डाव केव्हा थांबवायचा हे ज्येष्ठ खेळाडू ठरवीत असे, आणि खेळण्याची पाळी स्वतःची असतानाच तो डाव थांबवून घरी जाऊ शकत असे. तो डाव १३ वेळा तहकूब झाला आणि शुसाईंनी दोन गुणांनी जिंकला. परंतु त्यातील १६०वी, डाव फिरवणारी चाल त्यांच्या एका शिष्याने सुचवली होती अशी वदंता उठली ती आजतागायत शमलेली नाही. खरे-खोटे सिद्ध झालेले नाही. पण एका वदंतेने विजयावर कसा डाग पडतो, हे तुमच्या काकांच्या शिष्यांनी अवश्य लक्षात घ्यावे, कारण तुमच्याकडेही शिष्य आहेत आणि त्यांचा घोळकाही आहे.

म्हणून १९३८ मध्ये नियम बदलले. तहकुबीच्या वेळी ज्याची पाळी असेल त्याने चाल लिहून पाकिटात बंद करायची आणि डाव चालू असेपर्यंत दोघांनीही बाहेरच्यांशी त्याविषयी बोलायचे नाही, असे ठरले. तरीही वाद टळला नाही, तो १२१व्या चालीवरून झाला. पटाच्या मध्यभागी झुंज ऐन रंगात असताना किटानी यांनी पाकिटात जी चाल बंद केली ती भलतीकडे, पटाच्या वरच्या बाजूला होती, आणि तिला उत्तर देणे पांढऱ्याला, म्हणजे शुसाईंना, भागच होते. त्यामुळे मध्यभागी काय करायचे याचा निर्णय न घेता किटानींना मधल्या दिवसांचा अवधी विचारासाठी मिळाला. नियमात ते पूर्णपणे बसत होते. शुसाईंना मात्र ती चाल खेळाला शोभणारी वाटली नाही. पुढे १३०व्या चालीत ते चुकले आणि डाव हातचा गेला. रागाच्या भरात ते चुकले असे पुष्कळांनी मानले. मला ते पूर्ण पटत नाही. काळ्याची, म्हणजे किटानींची, बाजू तोवर बरी होती आणि चौसष्ट वर्षांचा आजारी माणूस रागाविनाही चुकू शकतो.

पण या सामन्यातील जो आकडा मला सर्वांत बोलका वाटतो तो वेगळाच आहे. चाळीस तासांपैकी शुसाईंनी वापरले १९ तास ५७ मिनिटे आणि किटानींनी ३४ तास १९ मिनिटे. म्हणजे भरपूर वेळाची गरज तरुणाला होती. वृद्ध विजेता स्वतःच्या विचाराने जितका दमला असेल, त्याहून अधिक समोरच्याच्या विचाराची वाट पाहत बसून दमला असेल. तुमच्या काकांना काय झेपत नाही, हे ठरवण्याआधी ते डावात वेळ कसा घालवतात हे एकदा तपासून पाहा.


प्रतिसाद २
रामटेककर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एक गोष्ट त्यात राहून गेली. गोमध्ये पहिली चाल काळ्याची असते आणि तो मोठाच फायदा असतो. आज जपानमध्ये त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला साडेसहा गुण दिले जातात. १९३८ च्या त्या डावात असे गुण नव्हते आणि ज्येष्ठ म्हणून पांढऱ्या सोंगट्या शुसाईंकडे होत्या. पाच गुणांनी झालेला तो पराभव आजच्या हिशेबाने दीड गुणाचा विजय ठरला असता! मान म्हणून दिलेली बाजूच अंगलट आली, असे म्हणायचे काय?


प्रतिसाद ३
काळी-पांढरी

रामटेककर, तसे सरळ गणित मांडता येत नाही. साडेसहा गुण द्यायचे आहेत हे ठाऊक असते तर किटानी पहिल्या चालीपासून वेगळे, अधिक धाडसाने खेळले असते. मात्र बाजूंचा मुद्दा नागपूरच्या सामन्यालाही लागू आहे, हे खरे. सहा डाव म्हणजे सम संख्या; तीन पांढऱ्यांनी, तीन काळ्यांनी. कोणी 'काकांना पहिला आणि शेवटचा, दोन्ही डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी द्या' असे सुचवले तर ते मान्य करू नका, कारण तसे करायचे तर मध्ये कोठेतरी मुलीला लागोपाठ दोन डाव पांढरे द्यावे लागतील, आणि त्यातून नवाच वाद निघेल.


प्रतिसाद ४
निवृत्त पंच, धरमपेठ

मी पूर्वी स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केले असल्यामुळे नियमांच्या बाजूने लिहितो.

बुद्धिबळात डाव तहकूब करण्याची पद्धत दीर्घकाळ होती. चाल कोणतीही शंका राहणार नाही अशी लिहायची, चालींची नोंदपत्रिका पाकिटात घालून ते बंद करायचे आणि मगच घड्याळ थांबवायचे. पाकिटावर दोघांची नावे, पटावरची स्थिती, दोघांनी वापरलेला वेळ, कोणी चाल बंद केली, चालीचा क्रमांक आणि डाव पुन्हा केव्हा व कोठे सुरू होणार, हे सर्व लिहायचे. बंद केलेली चाल संदिग्ध किंवा अवैध निघाली तर डाव गेला. १९७२ मध्ये रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की यांच्यातील एकविसावा डाव असाच तहकूब झाला होता, आणि स्पास्की यांनी पाकिटात चाल बंद केली असूनही दुसऱ्या दिवशी ते पटावर आलेच नाहीत. दूरध्वनीवरून त्यांनी हार कळवली आणि विश्वविजेतेपद तेथेच हातचे गेले. रात्री केलेल्या विश्लेषणाने डाव कसा संपतो, याचे याहून प्रसिद्ध उदाहरण मला ठाऊक नाही.

ही पद्धत १९९० च्या दशकात मागे पडली आणि त्याचे कारण संगणक हे होते. आज तर प्रत्येकाच्या खिशातील फोनवर विश्वविजेत्यापेक्षा बलवान इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणकप्रणाली, चालते. तहकुबीनंतर घरी गेलेल्या दोघांपैकी कोणीही ते उघडले नाही, याची खात्री कोणता पंच देणार? किटानी आणि शुसाई यांना मुक्कामी ठेवून बाहेरच्यांपासून वेगळे ठेवता आले, कारण तेथे एका वृत्तपत्राचे पाठबळ आणि पैसा होता. तुम्ही काकांना आणि सतरा वर्षांच्या मुलीला फोनविना एखाद्या भक्तनिवासात ठेवणार आहात काय? तेव्हा माझ्या मते तहकुबीचा प्रस्ताव येथेच सोडून द्यावा. त्यात काकांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा प्रश्न नाही. इंजिनच्या जमान्यात तहकूब डाव हा दोन माणसांचा डावच राहत नाही, एवढेच.

सवलत मात्र द्यावी, आणि ती अशी द्यावी की जिचा उपयोग दोघांनाही सारखाच करता येईल. आपल्याकडे बहुतेक स्पर्धांत प्रत्येकी नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद, असा वेळ असतो. साठ चालींचा डाव धरला तर एकेकाला दोन तास, म्हणजे एकूण चार तास होतात, आणि काकांना झेपत नाहीत ते हेच चार तास. त्याऐवजी साठ मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद ठेवा. तोच साठ चालींचा डाव तीन तासांत संपेल आणि तो जलद बुद्धिबळात न मोडता शास्त्रोक्त प्रकारातच मोडेल. वर 'काळी-पांढरी' यांनी सांगितलेल्या आकड्यातून निघणारा बोध हाच आहे की ज्येष्ठाला अधिक वेळ देण्यापेक्षा एकूण वेळ कमी करणे त्याच्या हिताचे असते. मी अनेक वयस्क खेळाडू पाहिले आहेत. त्यांच्या हातून चुका होतात त्या बहुधा स्वतःचा वेळ संपत आल्यामुळे नव्हे, तर समोरचा पंचवीस मिनिटे हलत नाही म्हणून लक्ष उडाल्यामुळे.

याखेरीज रोज एकच डाव, दर दोन डावांनंतर एक विश्रांतीचा दिवस, आणि वैद्यकीय कारणासाठी संपूर्ण सामन्यात प्रत्येकी एक दिवस पुढे ढकलण्याचा हक्क ठेवावा. हक्क दोघांनाही, आणि डाव सुरू होण्याआधीच वापरायचा. पटावरील स्थिती पाहून नव्हे. प्रकृतीचे कारण नियमात आधी लिहिलेले नसेल तर काय होते, हे १९८५ च्या फेब्रुवारीत मॉस्कोत दिसले. कारपोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा विश्वविजेतेपदाचा सामना पाच महिने आणि ४८ डाव चालल्यानंतर, खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निकालाविना थांबवला; तेव्हा जिंकलेल्या डावांत कारपोव्ह ५–३ असे पुढे होते, परंतु शेवटचे दोन डाव कास्पारोव्ह यांनी लागोपाठ जिंकले होते. सामना कोणाला वाचवण्यासाठी थांबवला, यावर लोक आजही भांडतात. आणि त्या दोघांपैकी एकही म्हातारा नव्हता.


प्रतिसाद ५
बर्डीचा घोडा

नियमांचे सर्व ठीक आहे, पण माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मुलीपुढे सारे आयुष्य पडले आहे. एखादा डाव तिने जरा सांभाळून घेतला, शेवटचा डाव बरोबरीत सोडला, तर काकांचा निरोप गोड होईल. माझ्या मते सवलतीपेक्षा याची व्यवस्था करावी.


प्रतिसाद ६
मनीषनगरची आई

'बर्डीचा घोडा' यांच्या प्रतिसादाशी मी पूर्ण असहमत आहे आणि ते मोकळेपणाने लिहिते. माझीही मुलगी खेळते. समोरच्याच्या वयाकडे पाहून चाल ठरव, असे मी तिला एकदा शिकवले तर पुढे प्रत्येक डावात तिच्या मनात पटाबाहेरचे काहीतरी येत राहील. आणि काकांसारख्या माणसाला ते कळणार नाही, असे तुम्हाला खरेच वाटते? ज्याने साऱ्या मंडळाला खेळ शिकवला त्याला हलक्या हाताने खेळलेली चाल पहिल्या दृष्टिक्षेपात ओळखू येईल, आणि मग तो निरोप गोड होण्याऐवजी अपमानाचा होईल.

शिवाय वृद्ध माणूस हरणारच, हे तुम्ही आधीच कसे धरून चालता? व्हिक्टर कोर्चनॉय यांनी २०११ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, जिब्राल्टरच्या स्पर्धेत अठरा वर्षांच्या फाबियानो कारुआना यांना हरवले होते. लास्कर १९२१ मध्ये हवाना येथे कापाब्लांकांकडून एकही डाव न जिंकता विश्वविजेतेपद गमावून बसले, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. तीनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत ते पहिले आले आणि कापाब्लांका दुसरे. आपल्या आनंद यांचेच पाहा. २०१३ मध्ये चेन्नईत विश्वविजेतेपदाच्या सामन्यात बावीस वर्षांच्या कार्लसन यांनी त्यांना एकही डाव जिंकू दिला नाही, तेव्हा आता संपले असे घरोघरी बोलले गेले. पण पुढच्याच वर्षी आव्हानवीरांची स्पर्धा जिंकून ते सोचीला पुन्हा त्याच पटावर बसले, आणि २०१७ मध्ये जलद बुद्धिबळाचे विश्वविजेते झाले. यांपैकी कोणालाही कोणी सांभाळून घेतले नव्हते.

एक विचारायचे राहिले. या सर्व चर्चेत काकांचे शिष्य आहेत, मुलीचे आईवडील आहेत, कार्यकारिणी आहे. तहकुबीची सवलत स्वतः काकांनी मागितली आहे काय? आणि त्या मुलीला कोणी विचारले आहे काय?


प्रतिसाद ७
सक्करदऱ्याचा प्यादा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'मनीषनगरची आई' यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून काल संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन आलो.

काकांनी सवलत मागितलेली नव्हती. शिष्यांनी ती परस्पर मांडली होती, आणि हे कळल्यावर ते शिष्यांवर जे बरसले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तहकुबीला त्यांनी साफ नकार दिला. कारण मात्र वेगळेच सांगितले: रात्रभर तो पट डोळ्यांपुढे राहील आणि झोप लागणार नाही, आणि डॉक्टरांनी सर्वांत जास्त बजावले आहे ते झोपेचेच. १९३८ चा दाखला मी त्यांना वाचून दाखवला. त्यांना १२१व्या चालीत काहीच गैर वाटले नाही. 'पाकीट दिले आहे तर माणूस त्यात सोयीचीच चाल घालणार' एवढेच ते म्हणाले आणि पुढे शुसाईंच्या वेळेच्या आकड्यांवर बराच वेळ बोलत राहिले. समोरचा विचार करीत असताना आपण काय करतो, असे मी विचारले, तर त्यांनी कबूल केले की आताशा ते त्या वेळात विचार करीत नाहीत, नुसते बसून राहतात. साठ मिनिटांचा डाव त्यांना तत्काळ पटला. डाव सकाळी आठ वाजता सुरू व्हावा, प्लास्टिकच्या खुर्चीऐवजी टेकता येईल अशी लाकडी खुर्ची असावी आणि प्रेक्षकांपैकी कोणी तर्रीपोहे घेऊन पटाजवळ येऊ नये, अशा तीन अटी त्यांनी आपणहून घातल्या. तिसरी अट आमच्या मंडळाला सर्वांत जड जाणार आहे.

मुलीशीही बोललो. तिला वेळ कमी होण्याची थोडी धास्ती वाटते, कारण ती सुरुवातीला फार विचार करते. तरीही तिने होकार दिला. सहा डावांनंतर ३–३ अशी बरोबरी झाली तर काय, हा प्रश्न तिनेच काढला आणि आमच्यापैकी कोणाच्या तो डोक्यातही आलेला नव्हता. जलद डाव खेळवावेत, असे कार्यकारिणीतील एकाचे म्हणणे आहे. पंचसाहेब, आपण यावर आणि पहिल्या डावातील मोहऱ्यांवर कृपया मत द्यावे.


प्रतिसाद ८
निवृत्त पंच, धरमपेठ

जलद डाव ठेवू नयेत. बटुमीच्या अंतिम फेरीत दोन्ही शास्त्रोक्त डाव बरोबरीत सुटल्यानंतर जलद डावांत निकाल लागला, परंतु तेथे कोणाला तरी विश्वचषक देणे भाग होते. तुमच्या सामन्यात कोणतीही पदवी पणाला लागलेली नाही. सहा दिवस खेळून बरोबरी झाली तर ती तशीच नोंदवावी. विश्वविजेतेपदाच्या सामन्यांतसुद्धा १९५१ आणि १९५४ मध्ये १२–१२ अशी बरोबरी झाली आणि विजेतेपद बॉटविनिक यांच्याकडेच राहिले. मात्र विजेत्याकडे किताब राहण्याचा तो नियम येथे लावू नका, कारण येथे राखायला किताबच नाही.

मोहऱ्यांसाठी सामन्याच्या आदल्या दिवशी दोघांच्या समक्ष नाणेफेक करावी आणि त्यानंतर प्रत्येक डावाला बाजू बदलत जाव्यात. वेळ, विश्रांतीचे दिवस, पुढे ढकलण्याचा हक्क, बरोबरीची तरतूद आणि फोन बाहेर ठेवण्याचा नियम, हे सर्व एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या नाणेफेकीच्या आधी घ्याव्यात. कोणत्या मोहऱ्या मिळाल्या हे कळल्यावर अटींवर चर्चा सुरू झाली तर ती संपत नाही. मुलगी अठरा वर्षांखालील असल्यामुळे तिच्या सहीखाली पालकांचीही सही घ्या. पंच कोणी मिळत नसल्यास मला कळवावे. पहिल्या तीन डावांना मी येऊ शकेन.


प्रतिसाद ९
रामटेककर

आणि तर्रीपोह्यांची व्यवस्था बाहेरच्या व्हरांड्यात करावी. आम्ही येत आहोत.